डंख नसलेल्या गांधीलमाश्या

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला, लोकमान्य नगर असो की रामबाग, अंगणातल्या झेंडूवर आणि गच्चीवरच्या कुंडीत फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे किडे दिसू लागतात. घरातलं कोणीतरी ओरडतं, ‘ततैये आले!’, म्हणजे गांधीलमाश्या आल्या. मुलांना आत बोलावलं जातं आणि झुरळांसाठी आणलेला फवारा बाहेर निघतो. त्यातले बहुतेक किडे गांधीलमाश्या नसतातच. त्यांना डंख नसतो, विष नसतं, माणसाला चावता येईल असं तोंडही नसतं. त्या साध्या माश्या असतात, घरमाशीच्याच मोठ्या कुळातल्या. फक्त रूप त्यांनी गांधीलमाशीचं घेतलेलं असतं.

एक निरुपद्रवी जीव दुसऱ्या धोकादायक जीवासारखा दिसतो आणि त्यामुळे वाचतो, याला जीवशास्त्रात ‘अनुकृती’ म्हणतात. पुढे मी याला सरळ सोंग म्हणणार आहे. ज्याचं सोंग घेतलं जातं तो मूळ जीव, आणि ज्याला फसवायचं तो शिकारी: पक्षी, सरडा, बेडूक, कोळी. सोंग घेणारा, मूळ जीव आणि शिकारी, या तिघांपैकी एकालाही वगळलं तर ही गोष्ट समजत नाही.

पंख मोजा

माश्यांच्या सगळ्या कुळाची एक पक्की खूण आहे. त्यांना दोनच पंख असतात. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गुंड्या उरलेल्या असतात. त्यांना संतोलक म्हणतात आणि उडताना तोल सांभाळणं हे त्यांचं काम. गांधीलमाशी, मधमाशी आणि पंख असलेल्या मुंग्या हे दुसरं कुळ. त्यांना चार पंख असतात, पण पुढचा-मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेला असल्यामुळे तेही लांबून दोनच वाटतात. म्हणून पंख मोजून ओळखणं शास्त्राला धरून असलं, तरी अंगणात उभं राहून ते जमत नाही.

तिथे डोळे आणि मिशा बघाव्यात. माशीचे डोळे इतके मोठे असतात की डोक्याचा बराचसा भाग त्यांनीच व्यापलेला असतो, आणि तिच्या मिशा आखूड, जेमतेम दिसणाऱ्या. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या, कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक. तिसरी खूण उडण्याची. हवेत एका जागी खिळल्यासारखं थांबायचं, मग झटक्यात वीतभर बाजूला सरकून पुन्हा थांबायचं, हे सिरफिड माश्यांचं खास कसब आहे. झेंडूवर दिसणाऱ्या बहुतेक माश्या याच सिरफिड कुळातल्या. जगभरात या कुळाच्या सुमारे 6,000 जाती आहेत. आपल्या बागेत हमखास दिसणारी, नारिंगी पोटावर काळे दुहेरी पट्टे असलेली, सेंटिमीटरभर लांबीची माशी म्हणजे एपिसिर्फस बाल्टियाटस. तिचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पाटी आहे, कुत्रा नाही

या कोड्याचं पहिलं नीट उत्तर हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने दिलं. 1848 साली तो अॅमेझॉनच्या जंगलात गेला आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. तिथे त्याला चवीला वाईट, पक्षी टाळतात अशी काही फुलपाखरं दिसली. त्यांच्या थव्यांत अगदी तशाच रंगाची, पण पूर्णपणे वेगळ्या कुळातली आणि खायला चांगली फुलपाखरंही मिसळलेली होती. 1862 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने मांडलं की दुसरी फुलपाखरं पहिल्यांच्या बदनामीवर जगतात. या प्रकाराला आजही त्याचंच नाव आहे.

कॉलनीत फाटकांवर ‘कुत्ते से सावधान’ अशा पाट्या असतात. काही घरांत खरोखर कुत्रा असतो, काहींनी नुसतीच पाटी लावलेली असते. एकदा कुत्रा चावलेला भुरटा चोर पुन्हा पाटी दिसली की पुढच्या घराकडे वळतो. आत कुत्रा आहे का, हे तपासायला तो थांबत नाही. नुसत्या पाटीवाल्या घराचं रक्षण त्या चोराच्या आठवणीने होतं. माशीचे पिवळे-काळे पट्टे ही तशीच पाटी, आणि ती वाचायला आधी एखाद्या खऱ्या गांधीलमाशीने पक्ष्याला धडा शिकवलेला असावा लागतो.

हे नुसतं अनुमान नाही. 1960च्या सुमारास जेन आणि लिंकन ब्राउअर या अमेरिकी दांपत्याने भेकांवर प्रयोग केले. भेक म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक. मधमाशीसारखी दिसणारी एक सिरफिड माशी त्यांनी भेकांपुढे ठेवली. ज्यांना मधमाशीचा अनुभव नव्हता, त्यांनी ती मजेत खाल्ली. ज्यांना जिवंत मधमाशीने डंख मारला होता, ते त्या निरुपद्रवी माशीलाही तोंड लावीनात. माशी दोन्हीकडे तीच होती. फरक होता तो भेकाच्या अनुभवात.

तिच्या जवळच्या नात्यातल्या, तशाच मधमाशीसारख्या दिसणाऱ्या सिरफिड माशीने माणसालाही शतकानुशतकं फसवलं. मेलेल्या बैलाच्या सडत्या शरीरातून मधमाश्या जन्मतात, असं प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक मानत. त्या मधमाश्या नव्हत्याच. हीच सिरफिड माशी कुजक्या द्रवात अंडी घालते. तिच्या अळीला लांब नळी असते, ती पाण्याबाहेर काढून अळी श्वास घेते. ही उकल 19व्या शतकाच्या अखेरीस ऑस्टेन-साकेन या माश्यांच्या अभ्यासकाने केली.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गांधीलमाश्यांतल्या नरालाही डंख नसतो. डंख हा मुळात अंडी घालायच्या नळीचाच बदललेला अवयव, त्यामुळे तो फक्त मादीला असतो. नर आपल्याच बहिणींच्या दबदब्यावर सुरक्षित फिरतो.

माशीला हे सुचलं कसं?

सुचलं नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो पडणं अगदी स्वाभाविक आहे. माशी आरशात बघत नाही, गांधीलमाशी बघून रंगही निवडत नाही. एकाच जातीच्या माश्यांत रंगरूपाचे बारीक फरक असतात, आणि ते आईबापांकडून पिल्लांकडे जातात. फार पूर्वी एखाद्या माशीच्या पोटावर जरा पिवळट डाग होता असं धरू. तिच्याकडे झेपावणारा पक्षी क्षणभर अडखळला, तेवढ्यात ती निसटली, तिने अंडी घातली. बिनडागाची तिची बहीण पक्ष्याच्या पोटात गेली. पिढ्यान्‌पिढ्या हेच होत गेलं की डाग ठळक होतात, पट्टे होतात, कंबर बारीक दिसू लागते. निवड पक्षी करतो. चोचीने करतो आणि नकळत करतो. हीच नैसर्गिक निवड. डार्विनचं पुस्तक 1859 साली आलं, त्यानंतर तीनच वर्षांत आलेला बेट्सचा लेख तिच्या बाजूचा फार भक्कम पुरावा ठरला.

एवढा मोठा बदल लहान लहान पावलांनी होऊ शकतो, हे पटायला जड जातं. पण कधी कधी एकच जनुक बरंच काही बदलून टाकतं. आपल्याकडे कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालणारं ‘कॉमन मॉरमॉन’ हे काळं फुलपाखरू आहे. त्याच्या काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही माद्या दुसऱ्याच एका विषारी फुलपाखराचं लाल ठिपक्यांचं रूप घेतात. हा सगळा फरक एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांमुळे पडतो, हे 2014 साली फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

नक्कल एवढी कच्ची कशी चालते?

बारकाईने बघणाऱ्याला एक शंका येते. एपिसिर्फस काही फार गांधीलमाशीसारखी दिसत नाही. चपटी, लहान, फिकी. आपण दोन मिनिटांत ओळखतो, मग तीक्ष्ण नजरेच्या पक्ष्याला का कळू नये?

1993 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न थेट कबुतरांना विचारला. कबुतरांना आधी गांधीलमाश्यांची चित्रं आणि साध्या माश्यांची चित्रं वेगळी ओळखायला शिकवलं, मग निरनिराळ्या सिरफिड माश्यांची चित्रं दाखवून कोणती गांधीलमाशीच्या जवळची वाटते ते तपासलं. बहुतेक ठिकाणी कबुतरांचा आणि आपला अंदाज जुळला. पण आपल्याला कच्च्या वाटणाऱ्या दोन माश्या कबुतरांनी अगदी गांधीलमाशीसारख्या ठरवल्या. त्यातली एक होती एपिसिर्फस, आपल्या झेंडूवरचीच. कबुतर कोणती खूण महत्त्वाची धरतं आणि माणूस कोणती, हे वेगळं असतं. सोंग माणसासाठी घेतलेलंच नाही, त्यामुळे ते माणसाच्या डोळ्याने तपासून भागत नाही.

दुसरं कारण पोटाचं आहे. कॅनडातल्या संशोधकांनी 2012 साली अनेक जातींची तुलना केली, तेव्हा दिसलं की माशी जितकी मोठी, तितकी तिची नक्कल चांगली. मोठी माशी म्हणजे मोठा घास, तिच्यासाठी पक्षी थोडा धोकाही पत्करेल. म्हणून तिच्या सोंगात चूक चालत नाही. छोट्या माशीत खाण्यासारखं ते किती! तेवढ्यासाठी डंखाचा धोका कोण घेणार? तिला अर्धवट सोंगही पुरतं. मला हे कारण फार पटतं, कारण त्यात पक्षी खुळा ठरत नाही. तो हिशेबी ठरतो.

नुसता रंग पुरत नाही

काही माश्यांचं सोंग रंगावर थांबत नाही. गांधीलमाशीच्या लांब मिशा हे तिचं मोठं लक्षण, आणि माशीला तर मिशा नावालाच. उत्तर अमेरिकेतल्या स्पायलोमाया नावाच्या सिरफिड माश्या यावर जे करतात ते बघण्यासारखं आहे. त्यांचे पुढचे पाय काळे असतात. ते त्या डोक्यापुढे उंच धरून हलवत राहतात, आणि बघणाऱ्याला लांब मिशा हलल्याचा भास होतो. काही माश्या पकडल्यावर पोटाचं टोक वाकवून डंख मारल्याचा आव आणतात. ज्यांच्या शरीराची नक्कल आधीच उत्तम आहे, त्यांच्यातच हे वागणुकीचं सोंगही मुख्यतः सापडतं. रंगरूप फसवण्याइतकं जुळलेलं नसेल तर नुसत्या हावभावाचा उपयोग होत नाही, उलट लक्ष वेधलं जाण्याचाच धोका.

सेरियाना आणि तिच्या जवळच्या माश्यांत तर कंबर खरोखरच बारीक असते, मिशा एका देठावर पुढे आलेल्या असतात आणि पंखाची पुढची कड गडद असते. बसलेली गांधीलमाशी आपले पंख लांबीत दुमडून ठेवते आणि ते अरुंद, गडद दिसतात. माशीला पंख तसे दुमडता येत नाहीत, म्हणून अर्धा पंख गडद आणि उरलेला पारदर्शक. पारदर्शक भाग नजरेतून सुटतो, आणि दुमडलेल्या पंखाचा भास तयार होतो.

मुंगीचं सोंग कशासाठी?

गांधीलमाशीची भीती समजते, मुंगीची काय? पक्ष्याच्या आणि कोळ्याच्या बाजूने विचार केला की उत्तर मिळतं. मुंगी चावते. काही मुंग्या डंख मारतात, काही फॉर्मिक आम्ल फवारतात. ती एकटी क्वचितच असते, एकीला धरलं की बाकीच्या धावून येतात. इतकं करून खायला मिळतं ते थोडं. म्हणून कितीतरी शिकारी मुंगीच्या वाटेला जात नाहीत, आणि मुंगीसारखं दिसणं हे लहान जिवासाठी चांगलं कवच ठरतं.

ताज्या शेणाजवळ थोडा वेळ बसलात तर हे इथेच बघता येतं. शेणावर काळ्या, चकचकीत, गोल डोक्याच्या, बारीक कमरेच्या इवल्याशा माश्या पंख हलवत लगबगीने चालत असतात. सेप्सिड नावाच्या या माश्या उडेपर्यंत मुंग्याच वाटतात. पंख हलवण्याचा उपयोग त्यांना जोडीदारासाठीही होतो, तेव्हा ती हालचाल सगळी सोंगाचीच समजू नये.

लांब पायांच्या मायक्रोपेझिड माश्या मुंगीची मिशी पायाने वठवतात. पुढच्या पायांची टोकं पुष्कळदा पांढरी असतात, ते पुढे धरून त्या हलवत राहतात आणि उरलेल्या चार पायांवर चालतात. याच कुळातली पश्चिम ऑस्ट्रेलियातली बॅडिसिस नावाची माशी टोकाला गेली आहे. तिला पंखच नाहीत. ती चालत फिरते आणि हुबेहूब मुंगी दिसते. तिच्या अळ्या एका कीटकभक्षी वनस्पतीच्या पाणी भरलेल्या सुरईत वाढतात, म्हणजे जिथे इतर किडे बुडून मरतात तिथेच. पंख हे माशीच्या सुटकेचं सर्वांत मोठं साधन. ते गेले तरी ही माशी तगून आहे.

मुंगीचं सोंग आणणारे कोळीही आहेत, आपल्या बागांतही आहेत. त्यांना आठ पाय. मग पुढचे दोन मिशांसारखे वर धरायचे, उरलेल्या सहांवर चालायचं.

शिकाऱ्याचंच सोंग

सर्वांत धाडसी सोंग काही फळमाश्यांचं. त्यांच्या पंखांवर गडद आडवे पट्टे असतात. कोळी पुढे आला की पळून न जाता माशी पंख उभे करून हलवते, आणि मागून बघितल्यासारखे ते पट्टे उडी मारणाऱ्या कोळ्याचे पाय भासतात. अमेरिकेत 1987 साली संशोधकांनी या माशीचे पंख काढून घरमाशीला चिकटवले आणि घरमाशीचे तिला. दिसलं असं की पट्टे आणि पंख हलवणं, दोन्ही एकत्र असेल तरच उडी मारणारा कोळी समोर आपलाच भाऊबंद आहे समजून मागे हटतो. दुसऱ्या प्रकारच्या शिकाऱ्यांवर याचा परिणाम झाला नाही, त्यांनी माशी खाल्ली. आपल्याकडे बोरावरच्या फळमाशीच्या पंखांवरही असे पट्टे असतात.

मग सगळेच सोंग का घेत नाहीत?

पुन्हा त्या पाट्यांकडे जाऊ. गल्लीतल्या बहुतेक घरांत खरे कुत्रे असतील तर नुसत्या पाटीचं चालून जातं. दहापैकी नऊ पाट्या खोट्या निघू लागल्या, तर चोर पाटीकडे लक्ष देणं सोडून देईल, आणि खऱ्या कुत्र्यांच्या घरांनाही त्याचा त्रास होईल. सोंग घेणारे मूळ जिवांच्या मानाने फार वाढले की सोंगाची किंमत घटते. मूळ जीव जितका जास्त त्रासदायक, तितकी जास्त सोंगं त्याच्या नावावर खपतात. एखाद्या भागातून गांधीलमाश्या संपल्या, तर तिथल्या पक्ष्यांच्या नव्या पिल्लांना पट्ट्यांची भीती शिकवणारं कोणी उरत नाही. प्रत्येक पोळं दिसताक्षणी जाळणाऱ्यांनी हेही विचारात घ्यावं. पोळं दारावर असेल तर ते काढावंच लागतं. परसाच्या टोकाला असेल तर राहू द्यायला हरकत नाही.

गिलकीच्या वेलावर आणि खताच्या डब्यात

सोंग घेणारी प्रत्येक माशी आपल्या फायद्याची नसते. गिलकी, कारलं, दुधी यांच्या वेलावर पिवळसर-तपकिरी, बारीक कमरेची, गांधीलमाशीच्या वळणाची माशी दिसते. मादीच्या पोटाच्या टोकाला काटा दिसतो, तो डंख नव्हे, अंडी घालायची नळी. ही नळी कोवळ्या फळात खुपसून मादी अंडी घालते आणि फळ आतून सडतं. ही वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी. हिच्यासाठी सापळे लावणं योग्यच आहे. तिची भीती मात्र बाळगू नका, माणसाला ती काही करत नाही.

खताच्या डब्यातली गोष्ट उलटी आहे. स्वच्छतेत देशात वारंवार पहिल्या येणाऱ्या या शहरात ओला कचरा घरीच जिरवणारी घरं बरीच झाली आहेत. जिथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून काम करून ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेलेलं कंपोस्ट तंत्र घडवलं, तिथे हे शोभतंही. अशा डब्यांत बऱ्याचदा जाड, चपट्या अळ्या होतात आणि मग त्यातून काळी, लांबट, कुंभारणीसारखी माशी बाहेर पडते. मातीची घरटी बांधणारी कुंभारीण गांधीलमाश्यांच्याच नात्यातली, त्यामुळे लोक घाबरून डबा बंद करून टाकतात. ही ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’, मूळची अमेरिका खंडातली, आता जगभर पसरलेली. तिच्या पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतात. त्यांतून उजेड आरपार जातो आणि कंबर बारीक असल्याचा भास होतो. ती चावत नाही, डंख मारत नाही. तिच्या अळ्या स्वयंपाकघरातला कचरा इतक्या झपाट्याने खातात की कचरा जिरवण्यासाठी त्या मुद्दाम पाळल्याही जातात.

आणि एपिसिर्फस. ती स्वतः फुलातला मध आणि पराग खाते, जाता-येता परागीभवन करते. तिची अळी मावा खाते. मोहरी, शेवंती, गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर चिकटून रस शोषणारे ते हिरवे-काळे ठिपके म्हणजे मावा. एक अळी कोषात जाईपर्यंत असे शेकडो किडे फस्त करते. मादी अंडीसुद्धा मावा बघूनच त्याच्या शेजारी घालते. माव्यावर सरसकट कीटकनाशक मारलं की मावा मरतो आणि ही अळीही मरते. उरलेला मावा पुन्हा भराभर वाढतो, अळीला मात्र नव्याने अंड्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून फवारणीआधी मावा पडलेली चार-पाच पानं उलटून बघा. पाय नसलेली, एका टोकाला निमुळती, हिरवट-पांढुरकी, आतलं दिसेल इतकी पातळ कातडीची अळी माव्याच्या गर्दीत दिसली, तर त्या झाडावर फवारा मारू नका. काही दिवसांनी पानालाच चिकटलेला थेंबाच्या आकाराचा कोष दिसेल, तोही काढू नका.